तेराव्या अंकाच्या जागेबाबत

प्रति,
मा. मुख्य ग्रंथपाल,
अक्षयवट सार्वजनिक ग्रंथालय,
बुधवार पेठ, पुणे ४११००२

विषय : मासिक 'तुळशीकट्टा' बंद पडलेले नसल्याबाबत, व त्याचे अधिक महिन्यांचे अंक रद्दीत न जाण्याबाबत.

संदर्भ : आपल्या नियतकालिक विभागाचे 'बंद मासिकांचे निर्लेखन' या विषयावरील पत्र. (जावक क्रमांकाचा शिक्का पुसट आहे, वाचता आला नाही.)

महोदय,

"कुसुम, अधिकाचा अंक घरात ठेवायचा नाही. वाचून झाला की वाचनालयात नेऊन द्यायचा, आणि पोच मागायची नाही."

हे शब्द मासिक 'तुळशीकट्टा'च्या संस्थापक संपादक कै. मुक्ताबाई रिसबूड यांचे. त्यांच्या हाताखाली मी मुद्रिते तपासायला लागले तेव्हा पहिल्याच अधिक महिन्यात त्यांनी ते मला सांगितले. त्या गेल्यानंतर मासिक माझ्याकडे आले आणि मी तो नेम आजवर पाळला. आज जो अर्ज लिहायची वेळ आली आहे, ती हा नेम पाळल्यामुळेच आली आहे. म्हणून सुरुवात त्यांच्या शब्दांनी केली.

आपला वेळ मोडू नये म्हणून मुद्दा आधी सांगते. आपल्या जिन्याखाली सुतळीने बांधून ठेवलेले आमचे अंक येत्या सोमवारी रद्दीवाल्याकडे जायचे आहेत, ते जाऊ नयेत. आणि त्या गठ्ठ्यातला शके १९४५ च्या अधिक श्रावणाचा अंक पुढच्या गुरुवारी, एकादशीच्या दिवशी, वाचनकक्षातल्या टेबलावर असावा. खाली जे लिहिले आहे ते याचे कारण आहे. ते लांबले आहे, पण मला थोडक्यात लिहिता येत नाही. मुक्ताबाईही तेच म्हणत.

१. आपल्या पत्रात 'तुळशीकट्टा' हे मासिक बंद पडले असल्याचे नमूद केले आहे, आणि पत्र मात्र मासिकाच्या संपादकांच्या नावे पाठवले आहे. पोस्टमनने ते बरोबर आणून दिले. ते आले तेव्हा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही चौघी-पाचजणी वैशाखाच्या अंकाच्या घड्या घालत बसलो होतो. मासिक बंद पडल्याचे आम्हाला त्या पत्रातूनच समजले. घड्या तशाच पुढे घातल्या, कारण पत्ते चिकटवून झाले होते.

२. अर्जाला उशीर झाला त्याचे कारणही सांगायला हवे. ते थोडे संकोचाचे आहे. या अधिक महिन्यात माझे अयाचित व्रत आहे. म्हणजे स्वतःसाठी कोणाकडे काही मागायचे नाही. न मागता पुढ्यात आले तर घ्यायचे. भाजीत मीठ कमी असले तरी मागायचे नाही. माझी सून ऋतुजा ऑफिसला जाताना पाण्याचा तांब्या माझ्या हाताशी ठेवून जाते, म्हणजे तिला कोणी म्हणायला नको की सासू तहानलेली बसली होती. महिना सुरू झाला त्या आठवड्यात मी दोन वेळा कोथरूडहून बस पकडून आपल्याकडे आले आणि आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसले. कोणी विचारले असते तर सगळे सांगितले असते. पहिल्या दिवशी कोणी विचारलेच नाही. दुसऱ्या दिवशी आपल्या शिपायांनी विचारले, "आजी, तुम्ही कोणाबरोबर आलाय?" मी एकटी आले आहे म्हटल्यावर ते बरं म्हणाले आणि गेले. संध्याकाळी दारे लावताना पुन्हा मी दिसले तेव्हा मात्र त्यांनी नीट विचारले, "काय हवंय तुम्हाला?" मी सांगितले. ते म्हणाले, "साहेब आत्ताच गेले. आधी बोलायचं नाही का?" त्यांचे काही चुकले नाही. बाकावर गप्प बसलेल्या बाईला व्रत आहे हे कोणाला कसे कळावे.

त्यानंतर मी आमच्या दत्तमंदिरातल्या गुरुजींना गाठले. लिहून मागणे हे मागण्यात धरतात का, असे विचारले. ते म्हणाले, "दुसऱ्यासाठी मागितलेलं याचनेत येत नाही, कुसुमताई. पण शब्द जपून वापरा." म्हणून या अर्जात 'विनंती' हा शब्द आपल्याला कोठे आढळणार नाही. तो गर्विष्ठपणा समजू नये. मी फक्त काय व्हावे ते लिहिते आहे.

३. आता मासिक बंद कसे पडले ते. 'तुळशीकट्टा' पंचांगाच्या महिन्यांप्रमाणे निघते. चैत्राचा अंक चैत्रात, वैशाखाचा वैशाखात. आपल्याला ठाऊकच आहे की दर तीन वर्षांच्या आसपास एक महिना अधिक येतो, आणि त्या वर्षी महिने तेरा होतात. म्हणून आमचे अंकही तेरा होतात. पूर्वी आपल्याकडे नोंदी हाताने होत, तेव्हा अधिकाचा अंक त्या त्या वर्षाच्या बासनात बाकीच्यांबरोबर शिवून ठेवला जाई. कोणाची काही अडचण नव्हती.

मग नोंदी संगणकावर गेल्या. मासिक म्हटले की वर्षाला बारा, असे त्या संगणकाला शिकवलेले आहे. शके १९४५ मध्ये आमचा अधिक श्रावणाचा अंक आला तो त्याने श्रावण म्हणून घेतला. पाठोपाठ खरा श्रावण आला, तो भाद्रपदात गेला. गणपतीचा अंक आश्विनात गेला, दिवाळीचा कार्तिकात. असे करत करत होळीचा अंक पुढच्या वर्षीच्या गुढीपाडव्याच्या जागेवर जाऊन बसला. मग खरा पाडव्याचा अंक आला तेव्हा त्याला जागाच उरली नव्हती. तो 'दुबार' असा शेरा मारून आम्हाला परत आला. मला वाटले टपालात काही घोटाळा झाला असेल. मी तो पुन्हा पाठवला, आणि तो पुन्हा परत आला. असे काही महिने चालल्यावर संगणकाने मासिक 'अनियमित' ठरवले, आणि त्यानंतर 'बंद'. आमचे अंक येतच राहिले. ते कोठे ठेवायचे हे कोणाला कळेना म्हणून जिन्याखाली पडत गेले. जुने खंडही संगणकावर चढवताना प्रत्येक वर्षाचे बारा अंक ठेवले आणि तेरावा जास्तीचा म्हणून बासनातून सोडवून त्याच ढिगात टाकला.

यात मी कोणालाही दोष देत नाही. आपल्या नियतकालिक विभागातल्या शेफालीताईंनी मला सगळे पडद्यावर उघडून दाखवले. मुलगी गुणी आहे. त्या म्हणाल्या, "आजी, मंथली सिलेक्ट केलं की सिस्टीम बाराच घेते. तेरावा टाकला की एरर येतो. मी तरी काय करू?" शेजारी एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते, ते पेपरातून डोके वर न काढता म्हणाले, "पंचांगं पहिल्या मजल्यावर आहेत, संदर्भ विभागात. तुमच्या सिस्टीमला जिना चढता येत असेल तर पाठवा वर." शेफालीताईंना हसू आले. मलाही आले असते, पण त्याच वेळी त्यांनी मला सोमवारच्या रद्दीची सूचना दाखवली.

४. आपल्या पत्रातला दुसरा आक्षेप असा, की अधिक अंकाच्या प्रती मंजूर एका प्रतीपेक्षा कितीतरी जास्त सापडल्या, त्यांची कोठे देणगी म्हणून नोंद नाही, व प्रकाशकाने आपला न खपलेला माल ग्रंथालयात आणून टाकला असावा असा संशय घेण्यास जागा आहे.

हे वाचून मला दोन दिवस जेवण गेले नाही. पण विचार केला तेव्हा आपले म्हणणेही समजले. एकाच अंकाच्या एवढ्या प्रती, त्याही वाचून मऊ झालेल्या, कोपऱ्यांना हळद लागलेल्या, कोणी आणून दिल्या त्याचा पत्ता नाही. कोणालाही संशय येईल. खरे कारण असे आहे, की त्या आमच्या वर्गणीदार बायकांनी आणून ठेवल्या. प्रत्येकीने आपापली. खिडकीवर कोणी नसेल तेव्हा टेबलावर ठेवायची आणि निघून यायचे. अधिक महिन्यात दिलेल्या दानाची पोच घेत नाहीत. त्यामुळे आपण मागवलेल्या पावत्या माझ्याकडे नाहीत, कोणाकडेच नाहीत, आणि असत्या तर आमच्या बायकांना त्याची लाज वाटली असती.

५. हे दान का, ते सांगितल्याशिवाय बाकीचे समजणार नाही.

अधिक महिन्यात लग्न-मुंज नसते, वास्तुशांत नसते. मुक्ताबाई म्हणत, "ज्या महिन्यात कुणाच्या घरचं काही नसतं, तो महिना आपण त्यांना देऊ." त्यांना म्हणजे मागच्या अधिकापासून या अधिकापर्यंत आमच्या वाचकांपैकी आणि वाचकांच्या घरच्यांपैकी ज्या बायका गेल्या, त्यांना. त्या अंकात 'अधिक नावे' असे एक पान असते. त्या पानाचे नियम मुक्ताबाईंनीच घालून दिले. कोणाची पत्नी, कोणाची आई, कोणाची सून हे लिहायचे नाही. ते सगळे वर्तमानपत्रात येतेच. आपल्या पानावर तिचे नाव, तिचे ठिकाण आणि ती स्वतः काय होती याचे एक-दोन ओळींत सांगणे, एवढेच. उदाहरणादाखल आपल्या जिन्याखालच्या अंकांतल्या काही ओळी, मला आठवतात तशा :

'शांता, नारायण पेठ. बातम्या संपल्या की टीव्हीतल्या बाईला उलट नमस्कार करायच्या.'

'यमुना, हडपसर. पत्ता विचारणाऱ्याला सांगत नसत, नेऊन सोडत.'

'भागीरथी, कसबा पेठ. कोणाशीही भांडल्या तरी संध्याकाळी त्याच घरी विरजण मागायला जायच्या.'

आणि हा अंक घरात का ठेवायचा नाही, तर मुक्ताबाईंचे म्हणणे, "घरात ठेवलात तर आपल्याच घरचं नाव वाचाल. वाचनालयात ठेवलात तर कुणीतरी परकं माणूस तुमच्या आईचं नाव वाचेल." कारण हे असे साधे होते. पुढे बायकांनी त्याचा धाक केला. गेलेल्यांची नावे घरात ठेवू नयेत, ठेवली तर बरे नसते, असे एकीने दुसरीला सांगितले, दुसरीने तिसरीला. मी तो गैरसमज खोडायला हवा होता असे कोणी म्हणेल. पण अंक वाचनालयात पोचत होता, म्हणून मी काही बोलले नाही. आणि खरे सांगायचे तर माझ्या घरीही मागच्या अधिकांचा एकही अंक नाही. आमचा जुना छापखाना बंद होऊन तिथे आता मोबाईलचे दुकान झाले आहे, तिथेही काही नाही. आपल्या जिन्याखाली आहेत तेवढेच.

६. खडकीला विमलाबाई म्हणून आमच्या एक वाचक आहेत. त्यांचे यजमान दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. त्यांची मुलगी नम्रता हिंजवडीला नोकरी करायची. चार दिवसांच्या तापाचे निमित्त झाले आणि ती गेली. लग्न झालेले नव्हते. तेराव्यानंतर काही महिन्यांनी भावाचे लग्न निघाले, घराला रंग काढला, तेव्हा तिचा फोटो भिंतीवरून उतरवला, तो परत लागला नाही. नव्या सुनेला फोटो बघून कसेसे होते म्हणतात. तीही लहान आहे, तिला काय म्हणावे. पण घरात नम्रताचे नाव आता कोणी घेत नाही.

अधिक श्रावणाच्या अंकासाठी विमलाबाई माझ्याकडे ओळ सांगायला आल्या होत्या. तासभर बसल्या. मुलगी किती शिकली, कोठे नोकरी, पगार किती, हे सगळे सांगून झाले. मी म्हटले, यातले काही लिहायचे नसते. तेव्हा त्या जे म्हणाल्या ते मी तसेच छापले :

'नम्रता, खडकी. पोळ्या लाटताना गायची. सूर बेताचा, पण पोळी कधी फाटली नाही.'

तेव्हापासून विमलाबाई दर एकादशीला आपल्या वाचनालयात येतात. उपास असतो, त्यामुळे स्वयंपाकाची घाई नसते. खडकीहून लोकलने शिवाजीनगर, तिथून बस, मग दगडूशेठला बाहेरूनच हात जोडायचे आणि आपल्याकडे. अंक काढून घ्यायचा, त्या ओळीवर बोट ठेवायचे, वाचायची, अंक जागेवर ठेवायचा आणि परत जायचे. वाचनकक्षात त्यांचा कोणाला त्रास झाला असेल असे वाटत नाही. त्यांचे ओठ हलतात तेवढेच.

शेफालीताई म्हणाल्या, "आजी, त्यांना सांगा ना, फोटो काढून घ्या मोबाईलमध्ये." मीही तेच सुचवले होते. विमलाबाई म्हणाल्या, "फोन उशाशी असतो की, बाई. मंग घरात ठिवल्यासारखंच झालं."

मागच्या एकादशीला मी अधिक ज्येष्ठाचा नवा अंक द्यायला आले होते, आणि तो घ्यायचा की नाही यावर खिडकीत बोलणे चालले होते. तेवढ्यात विमलाबाई आल्या. मांडणीवर आमच्या मासिकाची जागा रिकामी. आपल्या कर्मचाऱ्यांनी त्यांना सांगितले, "ते मासिक बंद झालंय, मावशी." विमलाबाईंनी माझ्याकडे बोट केले. म्हणाल्या, "बंद कसं? ही बाई तर हितं उभी हाय." दोघे-तिघे हसले. त्या नाही हसल्या. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, माझ्या नमूचं पान कुठं गेलं?"

मी त्यांना म्हटले, "पुढच्या एकादशीला या. पान तुमच्या पुढ्यात असेल."

कसे असेल याचा मी तेव्हा काही विचार केला नव्हता. तोंडातून गेले. पण शब्द दिला तो दिला. माझ्या सगळ्या नेमांत एकादशीचा नेम सर्वांत जुना आहे, आणि त्या दिवशी दिलेला शब्द मला मागे घेता येत नाही.

७. आपणास त्रास न होता काही मार्ग निघतो का, हे मी पाहून झाले आहे. सूचनेत लिहिल्याप्रमाणे रद्दीच्या भावाने गठ्ठा कोणीही नेऊ शकतो. मी नेईन, पण ठेवू कोठे? घरी ठेवायचा नाही. सोसायटीच्या हॉलमधल्या कपाटाबद्दल आमच्या सेक्रेटरी केदाररावांनी आपण होऊन सांगितले, की धार्मिक साहित्य ठेवायचे तर वार्षिक सभेत ठराव लागेल, आणि वार्षिक सभा नुकतीच झाली. कोथरूडच्या एका वाचनालयाची माणसे भली आहेत. ते म्हणाले, "आम्ही घेऊ, पण मूळ ग्रंथालयाकडून हे अंक तुमचे असल्याचं पत्र आणा." म्हणजे आपल्याकडून पत्र हवे. आणि आपल्याला त्यासाठी पावत्या हव्यात. पावत्या नाहीत. अशी ही फुगडी आहे, आणि माझे गुडघे दुखतात.

८. आता परवाच्या बुधवारविषयी. मी आपल्या वाचनकक्षात महिलांसाठी राखीव टेबलाशी बसले होते. डोळे मिटलेले होते, जप चालू होता. डोळे उघडले तेव्हा टेबलावर, माझ्यासमोर, अधिक श्रावणाचा अंक होता. सुतळीचा वळ त्याच्यावर होता. तो कोणी ठेवला हे मी पाहिलेले नाही, आणि मी तो मागितलेला नव्हता. आपण यासंबंधी कोणाकडे विचारणा केलीत तर मला एवढेच सांगता येईल.

वाचनकक्षाच्या दाराशी नियमांचा जुना फलक आहे. त्यात शेवटून दुसरा नियम असा आहे, की वाचकाने नावाची चिठ्ठी घालून टेबलावर ठेवलेला अंक दुसऱ्या दिवशी तो वाचक येईपर्यंत कोणी हलवू नये; मात्र ग्रंथालय उघडताना वाचक हजर नसल्यास चिठ्ठी रद्द समजावी. मी तेथे इतकी वर्षे येते, पण हा नियम परवा पहिल्यांदा नीट वाचला. बुधवारी संध्याकाळी मी त्या अंकात माझ्या नावाची चिठ्ठी घातली. काल दार उघडताना मी पायरीवर होते. अंक जागेवर होता. काल संध्याकाळी पुन्हा चिठ्ठी घातली आहे.

एका अंकाचे असे गुरुवारपर्यंत जमेल. मला रोजच्या नेमाची सवय आहे. पण गठ्ठ्यात बाकीचे अंक आहेत, आणि प्रत्येक अंकात कोणाची तरी विमलाबाई असेल. आणखी एक गोष्ट आपल्या कानावर आधीच घातलेली बरी. सोमवारी आमच्या वाचकांपैकी बऱ्याच जणी बुधवार पेठेत येणार आहेत असे समजते. मी कोणालाही बोलावलेले नाही. माझ्या व्रतात ते बसत नाही. परंतु चिठ्ठीचा नियम त्यांच्यापैकी एकीने फलकावर वाचला आणि बाकीच्यांना फोन केले. प्रत्येकी गठ्ठ्यातला एक अंक वाचायला घेणार आणि संध्याकाळी चिठ्ठी घालून जाणार, असे काहीसे ठरलेले दिसते. मंगळवारीही येणार. महिलांचे टेबल एकच आहे. स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींची गैरसोय होईल याचे मला फार वाईट वाटते. त्या सगळ्या शांत बसतील. बहुतेकींना मोठ्याने बोलायची सवयच राहिलेली नाही.

९. तरी पुढीलप्रमाणे व्हावे :

अ) सोमवारी रद्दीत द्यायच्या मालातून 'तुळशीकट्टा'चे अंक वगळले जावेत.

आ) मासिक चालू असल्याची नोंद व्हावी, आणि ज्या वर्षी महिने तेरा असतील त्या वर्षी अंकही तेरा धरले जावेत. संगणकात ते बसत नसेल तर तेरावा अंक हाताने लिहून मांडणीवर ठेवला तरी चालेल. त्याला खुर्ची नको, बाकाची कडा पुरे.

इ) पूर्वी आलेल्या जादा प्रतींतली एकेक ठेवून बाकीच्या, आपल्या मनाला येईल तेव्हा, अन्य वाचनालयांना आपल्या पत्रासह द्याव्यात.

ई) यातले काहीच शक्य नसेल तर निदान गुरुवारपर्यंत वाट पाहिली जावी.

यातले कोणतेही माझ्यासाठी नाही, असे मी प्रामाणिकपणे समजते. पूर्णपणे तसे आहे का, हे मात्र छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पुढच्या अधिकाच्या पानावर माझी ओळ कोण सांगेल आणि ते पान कोठे असेल, असा विचार हल्ली बसमध्ये येतो. तेवढा दोष व्रताला लागला असेल तर तो माझ्याकडे.

या अर्जाची दुसरी प्रत जोडली आहे. तिच्यावर आवकचा शिक्का मिळाला तर मी घेईन. मुक्ताबाईंनी दानाची पोच घेऊ नको म्हटले होते. अर्जाविषयी त्या काही बोलल्या नव्हत्या.

आपल्या वाचनालयाची जुनी वाचक,

कुसुम निगुडकर
संपादक, मासिक 'तुळशीकट्टा'
कोथरूड, पुणे ४११०३८

शुक्रवार, दि. ५ जून २०२६
(अधिक ज्येष्ठ, कृष्ण पक्ष, शके १९४८)

सोबत :
१) आपल्या पत्राची छायाप्रत.
२) चालू वर्षाच्या पंचांगातील अधिक महिन्याच्या पानाची छायाप्रत, संगणकासाठी.
३) 'तुळशीकट्टा', अधिक ज्येष्ठाचा अंक, एक प्रत. हिची पोच नको.

ता.क. हा अर्ज टपालाने टाकला तर सोमवार उलटून जाईल, म्हणून हातानेच आणते आहे. पूजा झाली. घरातले अजून उठायचे आहेत. ऋतुजाने रात्रीच पाण्याची बाटली भरून माझ्या पिशवीशेजारी ठेवली आहे, मी काही म्हटले नव्हते. चिठ्ठीसाठी कोरे कागद घेतले आहेत, गुरुवारपर्यंत पुरतील इतके. दार आवाज न करता ओढून घेते. पहिली बस मिळाली तर आपले कुलूप निघण्याआधी मी पायरीवर असेन.